आवाज आहे तोवर

४ जानेवारी १९९८, रविवार
चर्चच्या उपासनेत दुसऱ्या गाण्याला आवाज फाटला. बायांनी सावरून घेतलं, पण सगळ्यांनी वळून बघितलंच. गळ्याची गाठ आता पदराआडून बी दिसते. हे लोखंडाच्या मिलमधून रात्रपाळी करून आल्ते, भट्टीपुढं उभं राहून डोळे लाल. म्हणाले, "बास झाले ते काढे. औरंगाबादला दाखवू." हो म्हणले. भांडायची ताकद न्हाई.

८ जानेवारी, गुरुवार
औरंगाबाद. मोठा दवाखाना, मोठी रांग. डॉ.बाई तरुण, बोलायला चांगली. गाठ साधी आहे, पण वाढून राह्यली, श्वासनळी दाबंल, काढावीच लागंल. मंग म्हणाली, "आवाजाची नस तिथंच चिकटून असते. आम्ही जपतोच. पण आवाज बसू शकतो, क्वचित कायमचा. तुम्ही काय काम करता?"
मी म्हणले, बियाण्याच्या प्लांटात निवडायला असते.
हे म्हणाले, "ती गाते."
फेब्रुवारीच्या शेवटी बोलावलंय.

१३ जानेवारी, मंगळवार
प्लांट. कपाशीच्या बियाण्याची धूळ, तोंडाला फडकं बांधून बी घशात जातेच. जेवायच्या सुट्टीत रुख्मिण म्हणाली, "शांताबाई, गुणगुण काहून बंद झाली तुमची?" माझ्या शेजारीच बसते ती, किती वर्षं झाली. सगळं सांगितलं. घास तसाच हातात धरून बसली. मंग म्हणाली, "मंग आत्ताच म्हणा की. कशाची वाट बघता?"
हरवलेल्या मेंढराचं गाणं म्हणलं. मीच बांधलेलं, साध्या चालीचं. रुख्मिणचं माहेर मेंढरावाल्यांचं. ऐकून म्हणाली, "आमचा बाप बी असाच. एक कोकरू माघं राह्यलं तर भाकर गिळायची न्हाई त्याला. हा तुमचा देव मेंढ्या राखायचा का?"
म्हणले, आपल्यालाच राखतो.
"अन् हे आजवर सांगितलं न्हाई मला?"
रोज थकूनच येते, थकूनच जाते. त्यात राहून गेलं.

१८ जानेवारी, रविवार
पाळकसाहेब उपदेशात म्हणाले, देवानं हातात दिलेलं उद्यावर टाकू नका. माझ्याकडं बघून म्हणाले न्हाईत, तरी मला लागलं.
नंतर बोलावून घेतलं. १४–१५ फेब्रुवारीला मंडळीची वार्षिक सभा, मांडव, भोंगे. "शांताबाई, दोन्ही दिवस तुम्हीच गा. कॅसेट बी भरून घेऊ सगळ्या गाण्यांची. म्हणजे पुढं…" पुढचं बोलले न्हाईत. भला माणूस आहे.
हो म्हणले.
आवाज देताना देवानं मला विचारलं न्हवतं. नेताना तरी कशाला विचारंल. असलं मनात येतं अन् भीती वाटते. प्रार्थनेला बसले तर झोप लागली.

२ फेब्रुवारी, सोमवार
तालीम. टेपचं लाल बटण दाबलं की सूर लागत न्हाई. समोर माणूस न्हाई, नुसतं यंत्र. कुणाला सांगून राह्यले मी? पाळकीणबाईंनी हळद घालून दूध दिलं. सगळे इतकं जपतात की रडू येतं.

१० फेब्रुवारी, मंगळवार
दादा आल्ता. माहेराहून, धावड्याहून, जालन्याला कापूस घेऊन आला, तसाच घरी. आम्ही बाप्तिस्मा घेतल्यापासून उंबऱ्याच्या आत बसला न्हवता. आज बसला. चहा घेतला.
"मायनं अंथरूण धरलंय. पायावर सूज आहे. खात न्हाई. शांतीला बोलाव म्हणते, गाणं ऐकायचंय म्हणते." मंग जमिनीकडं बघून, "तिचं जुनं, गणपतीचं. तू पोरगी असताना चतुर्थीला म्हणायचीस ते. शनिवारी चतुर्थी आहे, ये. पण तुझं नवं नको, शांते. घरात माणसं असतात."
माझ्या गळ्याकडं बघितलं त्यानं. विचारलं न्हाई काही. यांनी सांगितलं. दादा उठला तवा माझ्या डोक्यावर हात ठेवला, अन् गेला.
शनिवार. म्हणजे १४.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
पाळकसाहेबांना जाऊन सांगितलं. पत्रिकेत माझं नाव छापलेलं. म्हणाले, "सभेला पाचशे माणूस येईल, शांताबाई. तिथं एक म्हातारी." थांबले. मंग स्वतःच डोकं हलवलं, "माझं चुकलं. जा तुम्ही. पण तिथं म्हणाल काय?"
तेच तर कळंना.
हे म्हणाले, "गणपतीचं म्हणलीस तरी देव समजून घेईल. म्हातारीचा जीव आहे." यांचं मन मोठं. माझं तेवढं होत न्हाई.

१४ फेब्रुवारी, शनिवार. धावडा
वाटेत राजूरच्या गणपतीला चतुर्थीची गर्दी, एस.टी. हालेचना. लाह्या, नारळ, पोरं खांद्यावर. पोरगी असताना मी बी अशीच मायचं बोट धरून चालत आल्ते. दिवसभर वाईट वाटत राह्यलं, कशाचं ते न्हाई सांगता येत.
माय एवढीशी झालीय. वहिनीनं पुढं येऊन हात धरला, म्हणाली, "बरं झालं आलात." माय म्हणाली, "म्हण."
घरात शेजारच्या बाया, दादा दारात. मी मायच्या कानाशी गेले. म्हणले, माय, ते आता माझ्यानं म्हणवत न्हाई. तोंडात एक अन् पोटात एक, असं तुझ्यापुढं कसं करू? दुसरं म्हणू का?
दादा म्हणाला, "झालं सुरू."
मायनं त्याच्याकडं न बघता हात वर केला. गप्प झाला तो.
विहिरीवर भर उन्हात एकटी पाण्याला आलेल्या बाईचं गाणं म्हणलं. तिथं बसलेला परका माणूस, म्हणजे येशूच, तिच्याकडं पाणी मागतो, अन् तिचं सगळं ओळखतो. मायनं जन्मभर पाणीच वाहिलं. तिसऱ्या कडव्याला आवाज फाटला, तसाच ओढला. बायांपैकी कुणी उठलं न्हाई.
माय डोळे मिटून होती. म्हणाली, "आवाज तोच हाय गं. देव कोण्ता हाय ते मंग सांग. आधी परत म्हण."
परत म्हणलं. तिनं वाटीभर पेज घेतली.

१५ फेब्रुवारी, रविवार
सकाळी देवाचं सांगणार होते. माय गाढ झोपलेली. दादा म्हणाला, "उठवू नको, लई दिवसांनी झोपलीय. तुझी गाडी चुकंल." उद्या प्लांटात खाडा चालणार न्हाई. निघाले.
जालन्यात आले तर सभेचा मांडव सोडून राह्यले होते.

२६ फेब्रुवारी, गुरुवार. औरंगाबाद
ऑपरेशन मंगळवारी झालं. बोलू नका म्हणतात. बोलायचं म्हणलं तरी निघतं काय? नुसती हवा. डॉ.बाई म्हणाली, नसेला सूज आहे, वाट बघू. यांनी माझा हात सोडला न्हाई. वेणी बी यांनीच घालून दिली, वाकडी. लिहायला बी थकवा.

१ मार्च, रविवार
दादा दवाखान्यात भेटायला आल्ता. वहिनीनं भाकरी अन् पातळ पिठलं दिलेलं. गिळताना दुखलं, तरी खाल्लं. दादा खिडकीकडं बघत बोलला, "माय उठून बसते आता. म्हणते, शांतीचं ते देवाचं सांगायचं राह्यलंय. रोज विचारते. मी काय सांगू तिला?"
मी गळ्याला हात लावून दाखवला.
"दिसतंय मला," म्हणाला. जाताना यांना म्हणाला, "दाजी, बरी झाली की आणून सोडा तिला." दाजी अशी हाक मारली त्यानं. यांना दिवसभर पुरलं तेवढं.

१५ मार्च, रविवार
उपासनेत मागं बसले. बाया गात होत्या, मी ओठ हलवले. तालमीत भरलेलं एकच गाणं पाळकसाहेबांनी लावलं. माझाच आवाज मला ऐकवंना. बंद करा म्हणायला आवाज न्हवता.
डॉ.बाई म्हणते, सहा महिने तरी थांबा. येईल, न येईल. माय सहा महिने थांबणारी न्हाई. कुजबुज तर आहे ना. तेवढ्यावर जाते.

२२ मार्च, रविवार. धावडा
दोघं आलो. यांना दादानं शेत दाखवायला नेलं.
मायच्या पायाला परत सूज. पाणी कोमट केलं, घमेल्यात पाय घेतले. वहिनी म्हणाली, मी धुते, तुम्ही दमलात. न्हाई म्हणले. पाय धुता धुताच सांगायला लागले, दुसरं सुचलंच न्हाई. मरायच्या आदल्या सांजेला येशूनं आपल्या माणसांचे पाय धुतले. गुरू असून. खाली बसून, कमरेला पंचा गुंडाळून. घोगरी कुजबुज, दर वाक्याला दम लागायचा. माय वाकून ऐकत होती. वहिनीनं बाहेरचा रेडिओ बंद केला. दादा आल्ता कधी तरी, दाराशी बसलेला, उठला न्हाई.
मंग बाकीचं सांगितलं. क्रूसाच्या खांबावर खिळलं ते, तिसऱ्या दिवशी परत जिवंत झाला ते. कुणासाठी, ते. सगळं न्हाई आलं. मधीच दोनदा आवाज पारच गेला. वाट बघितली सगळ्यांनी.
मायनं डोळे मिटले. मला वाटलं, झोपली. मंग म्हणाली,
"पाय धुतले म्हणतेस. बायांचे बी धुतले का त्यानं?"
इतकी वर्षं वाचून राह्यले, हे मनात आलंच न्हवतं. म्हणले, म्हाईत न्हाई, माय. पाळकसाहेबांना विचारते.
"विचारून ये," म्हणाली. पाय अजून माझ्या हातात होते. "पण जल्दी ये."
दादा स्टँडवर सोडायला आला. गाडी लागली तवा म्हणाला, "काय सांगतात ते मला बी—" अन् कंडक्टरनं घंटी मारली.
घरी पोचलो. हे झोपले. पाळकसाहेबांच्या घरी दिवा दिसतोय, जाऊनच येते