आईचं व्यसन, सरपंचांचा शौक

९ नोव्हें. ७४
सरपंच शाळेत आले होते. ग्रा.पं. व्यसनपट्टी बसवणार. ज्या घरात बिडी किंवा मिश्री, त्या घराला घरपट्टीवर जादा. त्यातून गल्लीत दिवे. "बाई, ग्रामसभेत तुमी बोला. लोक तुमचं ऐकतेत." लगेच हो म्हटलं. मिश्रीचा मला मनस्वी तिटकारा. आई तव्यावर तंबाखू भाजते तेव्हा घरात बसवत नाही. किती वर्षं सांगतेय, ऐकेल तर शपथ.

१० नोव्हें.
आईला सांगितलं. कापूस वेचून नुकती आली होती, हातपाय धूत होती. "लावा बाई पट्टी. मिश्री लावली की दुपारपस्तोर भूक कळत न्हाई, मनून लावतो आमी." मग पाय पुसत, "पानाला बी हाय का?"
हे मी विचारलंच नव्हतं.

११ नोव्हें.
विचारलं. सरपंच विडा घोळवत हसले. "पान म्हंजे शौक, बाई. व्यसन न्हवं."
त्यांच्या विड्यात तंबाखू असते, खास परभणीहून आणवलेली. आईच्या दाताला लागली की व्यसन, यांच्या गालात गेली की शौक! इतकी चिडले की सतराच्या पाढ्यात मीच चुकले. पोरं हसली. सभेसाठी लिहिलेलं भाषण फाडलं.

१२ नोव्हें.
सभेत पानाचा विषय काढणार, असं सांगितल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, नमतं घ्या. बदली व्हायला वेळ लागत नाही." खरंय. बदली झाली तर आई इथं एकटी. भीती वाटते. तरी नमतं घेणार नाही.

१४ नोव्हें.
सभा झाली. उठून एवढंच म्हटलं, लावायची तर पानालाही लावा, नाहीतर कुणालाच नको. सगळे सरपंचांकडे बघायला लागले. त्यांचं तोंड भरलेलं. उत्तर द्यायच्या आधी थुंकायला बाहेर जावं लागलं. मागे बायकांत हसू फुटलं, आई सगळ्यात मोठ्याने. परत येऊन म्हणाले, "फुडच्या सभेत बघू."
पुढच्या सभेतही मी उठणार.
घरी आल्यावर आईने चूल पेटवली. मग, "बदली केली तर?"
"तुला घेऊन जाईन."
"मिश्रीसगट?"
मिश्रीसगट, म्हटलं. तिची मिश्री मी सोडवणारच आहे. पण घरात भांडून, सरपंचांच्या पट्टीने नाही.