धंतोलीची सहल

बाबा, उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या आणि पहिल्याच आठवड्यात मी हात टेकले. तुम्ही न पाहिलेली तुमची दोन नातवंडं सकाळी डोळे उघडल्याबरोबर विचारतात, आज कुठे जायचं? भल्या पहाटे फुटाळा तलावावर नेऊन झालं, तेलंगखेडीच्या बागेत नेऊन झालं, विमानतळाबाहेर उभं राहून विमानं मोजून झाली. नऊनंतर नागपुरात बाहेर पाय टाकवत नाही, आणि जिथे गारवा आहे तिथे तिकीट आहे. काल लेकीनं विचारलं, "मम्मी, तुझे बाबा तुले फिरायले कुठं न्यायचे?" मी म्हटलं, "दवाखान्यात." "बिमार होती का तू?" "नाही, फिरायलेच." दोघं इतकी हसली की धाकट्याला उचकी लागली.

त्यांना कसं समजावून सांगू? आईच्या माहेरी, पारशिवनीकडे, दुखणी वर्षभर असायची, पण ऑपरेशनं मात्र गहू-हरभरा घरात आल्यावर आणि पेरणीच्या आधी. तेवढीच काय ती शेतातून फुरसत, आणि नेमकी तीच आमची सुट्टी. हर्निया, मूळव्याध, मोतीबिंदू, सगळे धंतोलीतल्या दवाखान्यात भरती, आणि महाल भागातल्या आपल्या दोन खोल्यांतून त्यांचा डबा. तुम्ही छापखान्यातून पाचला यायचात, डबा सायकलच्या हँडलला अडकवायचात आणि दारातूनच ओरडायचात, "चाल गा, चाल वं, फिरून येऊ!" भाऊ दांडीवर, मी कॅरियरवर. डबा पोचवायला चाललो असं म्हणाला असतात तर आम्ही तोंडं वाकडी केली असती. तुम्ही फिरायला म्हणायचात, म्हणून आम्ही तोंड धुऊन, पावडर लावून, ठेवणीतले कपडे घालून निघायचो.

आणि खरं सांगते, मजा यायची. खाली लिफ्ट होती आणि लिफ्टवाल्या काकांची आमच्याशी दोस्ती होती. ते भावाला बटण दाबू द्यायचे. थंड पाण्याचं मशीन होतं. चौथ्या मजल्यावर घसरत जाता येईल असा लांबलचक गुळगुळीत व्हरांडा होता. तुम्ही ज्याचा डबा त्याच्यापाशी ठेवून वॉर्डात फेरी मारायचात. "कोन्या गावचे तुमी?" कोणी आर्वीचे, कोणी तुमसरचे, कोणी पार गडचिरोलीकडचे. ज्याच्याकडे भेटायला कोणी आलेलं नसे, त्याच्या खाटेपाशी आम्हाला बसवायचात. ते आजोबा आमच्या हातावर मोसंबी ठेवायचे आणि त्यांच्या बैलांच्या गोष्टी सांगायचे. एकदा मी व्हरांड्यात खिदळत घसरले ती थेट एका स्ट्रेचरवर जाऊन आपटले. तुम्ही दंड धरून मला बाजूला घेतलंत. मला वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार. तुम्ही म्हणालात, "हास, पन हळू हास. इथं लोकं दुखनं घेऊन आले आहेत." तो एवढाच ओरडा. अजूनही दवाखान्यात माझा आवाज आपोआप खाली येतो.

एका वर्षी मामाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि पाचव्या दिवशी सोडणार असं ठरलं. शाळा उघडायला तेव्हा तीन आठवडे होते. मामा गेला की आपली सहल संपली, हा हिशेब मला बरोबर कळत होता. खाली काचेच्या पेटीत गणपती होता. मी त्याला हात जोडून सांगितलं, शाळा सुरू होईपर्यंत मामाला इथेच ठेव. चौथ्या दिवशी मामाचे टाके पिकले. पहिले काही दिवस मी खुशीत होते, खोटं कशाला बोलू? पण मग खिडकीतून ढग दिसायला लागले. मामा तुमचा हात धरून म्हणाला, "भाऊजी, आभाय भरून येऊन राहिलं, अन मी इथं खाटेवर. माहं वावर कोन पेरन?" एवढा मोठा मिशीवाला माणूस, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

खाली येऊन मी गणपतीशी दुसरा करार केला. मामाला घरी जाऊ दे, मी लिफ्टमध्ये बसणार नाही. दुसऱ्या दिवशी मी जिन्याकडे वळले तर तुम्ही विचारलंत, "काहून वं, लिफ्टनं नाही येत?" मी म्हटलं, "पाय मोकळे करून राहिली." तुम्ही माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलंत. मग भावाला लिफ्टवाल्या काकांच्या हवाली केलंत आणि माझ्याबरोबर चार मजले चढलात. तिसऱ्या मजल्यावर तुमचा गुडघा कटकट वाजायचा. सहा दिवस आपण दोघं असे चढलो आणि तुम्ही पुन्हा एकदाही विचारलं नाहीत. सातव्या दिवशी मामा सुटला, पेरणीला पोचला, त्या वर्षी त्याला कापूस बरा झाला. मला वाटलं, माझं पाप फिटलं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच पुढचं लिहिता येतंय. पुढे तुम्ही स्वतः धंतोलीत भरती झालात तेव्हा मी नोकरी करत होते. सहाला सुटले की डबा घेऊन यायचे. दुसऱ्याच दिवशी तुम्हाला अख्ख्या वॉर्डाची गावं पाठ झाली होती. "त्या कोपऱ्यातल्या बुढ्याले विचार, जेवला का," असं म्हणून तुम्ही मला पाठवायचात, आणि मग आपण दोघं नर्सबाई हाकलेपर्यंत गप्पा मारायचो. घरी एवढं कधी बोललो होतो आपण? तुम्हाला मात्र घराची ओढ लागली होती. शुक्रवारी सोडलं नाही म्हणून तुम्ही दिवसभर फुगून बसलात. रविवारी घरी आल्यावर मात्र येईल त्याला सांगत सुटलात, "डाक्टर मोठा काळजीवाला मानूस आहे गा, दोन दिवस जास्तीचे ठेवून घेतलं मले." पुढचे चार महिने, अगदी शेवटपर्यंत, तुम्ही त्या डॉक्टरचं कौतुक केलंत, आणि मी शेजारी बसून मान डोलावत राहिले. बाबा, डॉक्टर तर शुक्रवारीच सोडत होते. मीच म्हटलं, राहू द्या आणखी दोन दिवस.