वरच्या खोलीतल्या वहिनीसाहेब

२ एप्रिल

—त्या सकाळी मी जिरं निवडत होते, सासूबाई ताक घुसळत होत्या आणि हे दुकानात पुड्यांसाठी रद्दी फाडत होते. माझं लक्ष गेलं तोवर मी माहेरून आणलेल्या 'भोवरगढी' कादंबरीच्या तिसऱ्या भागातला इनामदारांचा खून पावशेर धण्यांसकट गिऱ्हाइकाच्या पिशवीत गेला होता. मी दोन दिवस बोलले नाही. यांना वाटलं, धणे कमी तोलले म्हणून!

आज हे सगळं आठवलं, कारण अलमास तीच मालिका घेऊन आली. अलमास म्हणजे शेजारच्या सलाउद्दीनभाईंची मुलगी, लोणखेड्याला कॉलेजात जाते. त्यांच्या रद्दीत आठही भाग सापडले. म्हणाली, काकी, घरात बसून आहात तर वाचा.

बसूनच आहे. हे जाऊन सहा महिने झाले. आम्हा मारवाड्यांत नवरा गेला की बाई कोपऱ्यात बसते. माहेरचं माणूस येऊन तिला मंदिरात नेईल तेव्हा सुटते. माझं माहेरचं माणूस म्हणजे भाऊ, महावीर. सुरतेला कापडाच्या धंद्यात असतो. त्याचा सीझन चालू आहे. बाराही महिने चालू असतो.

४ एप्रिल

पहिला भाग संपला. पंधराव्या वर्षी यावर मी उशी भिजवली होती! शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं वाचन पुड्यांसाठी आणलेल्या रद्दीतलं. त्यामुळे तेव्हा हे फार थोर वाटलं.

गढीत बावीस खोल्या, तीन खून, एक वेडा काका आणि दर चौथ्या पानावर वटवाघूळ. स्वयंपाक कोण करतं ते कुठेच नाही. धाकट्या वहिनीसाहेबांचा नवरा विहिरीत पडतो आणि सासू त्यांना वरच्या खोलीत ठेवते. त्या केस मोकळे सोडून खिडकीत भावाची वाट बघतात. एवढ्या केसांना तेल कोण आणून देतं?

८ एप्रिल

भाजीवाली रेवाबाई रस्त्यातून ओरडली, "भाभी, दुकान कव्हय उघडशी वं?"

सासूबाईंनी उठून खिडकी लावली. चौथ्या भागातली सासूही अशीच खिडकी लावते. फक्त तिच्या हातात मेणबत्ती असते.

९ एप्रिल

महावीरचा फोन. आखातीज, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की नक्की येतो म्हणाला. आधी संक्रांतीनंतर येणार होता, मग होळीनंतर. आपल्याकडे सणांना काही तोटा नाही.

यांचा चष्मा दुकानात गल्ल्यावर राहिलाय. त्यावर धूळ बसली असेल. तेवढा पुसायचा होता.

१५ एप्रिल

आठवा भाग! हा लग्नामुळे वाचायचा राहिला होता. तेहतीस वर्षं मी धरून चालले होते, भाऊ घोड्यावरून येईल, कुलूप तोडेल.

भाऊ येतो. दार नुसतं ढकलतो. दाराला बाहेरून कडीच नसते! आठ भाग, बाराशे पानं, आणि कडीच नाही! मला हसू आवरेना. सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्यांना सगळी गोष्ट सांगितली. म्हटलं, काय मूर्ख बाई, उठून चालू लागायचं ना.

त्या हसल्या नाहीत. दोन-तीन शेंगा सोलून झाल्यावर म्हणाल्या, "मला तर भाऊच नव्हता, बींदणी."

मी विचारलं, म्हणजे?

"तुझे सासरे गेले तेव्हा न्यायला कोण येणार? कोणी आलं नाही. मग बसूनच राहिले."

सासरे जाऊन सत्तावीस वर्षं झाली. सासूबाई कुणाच्या लग्नाला गेल्या नाहीत, मंदिरात गेल्या नाहीत. सारंगखेड्यात यात्रेला लाखभर माणूस येतं, त्या ओट्यावरही आल्या नाहीत. आम्ही सगळे म्हणायचो, गुडघे दुखतात. मीच सांगायची लोकांना. याच घरात होते मी. रोज त्यांच्यासमोर बसून जेवत होते, आणि वाचत होते दुसऱ्याच बाईचं.

१७ एप्रिल

काल सकाळी सासूबाईंना माझ्या चपला घातल्या — त्यांना चपलाच नव्हत्या — आणि त्यांच्या माहेरचं माणूस म्हणून मी त्यांना मंदिरात घेऊन गेले.