रुतलेल्या आगबोटीवरून

प्रिय ऑर्फाताई,

कझायाचा मनापासून नमस्कार. भावोजींचा गुडघा काय म्हणतो? मुलांना पापे. आम्ही दोघं धडधाकट आहोत, फक्त नदी आम्हाला सोडून गेली.

म्हणजे असं, की जूनच्या पुरात मिसूरीबाईंनी (बाई म्हणावं लागतं, नाहीतर रागावतात) कूस बदलली. पूर ओसरला तेव्हा आमची आगबोट गवताळ माळावर आणि नदी पार हाकेच्याही पलीकडे! खलाशी मदत आणतो म्हणून गेले ते गेलेच. उरलो आम्ही दोघं आणि एक प्रवासी, ओमाहाला निघालेले टिबेट्स. रोज माझी मक्याची भाकरी चापतात आणि बोटीला उशीर होतोय म्हणून कुरकुरतात. हाकला म्हटलं, तर कप्तानसाहेब (आमचे हे गं) म्हणतात, तिकीट घेतलंय, पोचवायलाच हवं.

तुला ठाऊकच आहे, लग्न झाल्यापासून मी ह्यांच्यामागे एकच टुमणं लावलं होतं, की घर हवं, जागचं न हलणारं. मिळालं की आता! बोटीच्या पाणी कापायच्या मोठ्या चाकावर घेवडा चढवलाय, कोंबड्या भट्टीत अंडी घालतात. हे आधी रोज सकाळी काठी टाकून पाण्याची खोली मोजायचे. माळावर! मग एक दिवस तीच काठी भोपळ्याच्या वेलाला रोवली. परवा दाराशी पायरी बांधली, माझा हात धरला आणि म्हणाले, "कझाया, इथंच म्हातारं होऊ या."

इतकी वर्षं हेच ऐकायला जीव टाकला, आणि ऐकल्यावर हात सोडवून कोंबड्यांना दाणे टाकायला पळाले बघ. सकाळी उठावं तर खिडकीत तेच झाड, कालचंच. अंगावर येतं अगदी. पण ते जाऊ दे. मी सुखात आहे, आईला तसंच कळव.

तुझी,
कझाया

ता. क. पडद्यांना निळं कापड पाठव. घर म्हटलं की पडदे हवेत.

आणखी एक ता. क. कापड पाठवू नकोस. वर कुठंतरी धुवाधार पाऊस कोसळला असावा, पाणी थेट बोटीखाली आलं. ह्यांनी धावत जाऊन बोट जाड दोरानं झाडाला बांधली आणि कोंबड्या मोजायला आत गेले. आता आम्ही तरंगत खाली तुझ्याच दिशेला निघालोय. टिबेट्स खुशीत आहेत, ओमाहा आलं का विचारतात. हे भोपळ्यांसाठी डोळे पुसतायत. दोर पाण्याच्या ओढीनं तुटला, असं मी सांगितलंय. कुऱ्हाड नदीत टाकली. तिकडे पोचल्यावर हे तुला खोदून विचारतील, तर एवढंच म्हण, आमच्या कझायाला लहानपणापासून घराची भारी हौस.