आत्याची खोली आणि घरातले दोन साक्षीदार

मी, खाली सही करणारी, उंच इमारतींच्या काचा दोरावर लटकून पुसणारी, या घरातली धाकटी मुलगी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. दादा दोनदा डोकावून "झालं का?" म्हणून गेला, ते दडपणात धरत नाही. वय तरुण, तब्येत ठणठणीत. पण उद्यापासून पवनचक्क्यांची पाती दुरुस्त करायच्या कामावर चालले आहे, आणि कंत्राटदाराच्या अर्जात वारस म्हणून "पती किंवा वडील" एवढंच छापलेलं आहे. म्हटलं, आपलं आपण लिहावं. कॉलेज मी अर्ध्यात सोडलं, तेव्हा भाषा कुठे घसरली तर वकीलबाईंनी सावरावी.

कलम एक. बाबांनी दिलेलं स्वातंत्र्य. येईल त्या पाहुण्याला बाबा सांगतात, "मी मुलीला पूर्ण स्वातंत्र्य दिलंय हो." त्याअर्थी ती वस्तू त्यांच्या मालकीची होती आणि मला वापरायला दिली होती. ती मी त्यांना परत करते. कोपरे झिजलेत, पण चालू स्थितीत आहे. त्यांनी ती स्वतःकडे न ठेवता आईला द्यावी. आईला आजवर कोणी दिलेली दिसत नाही. ती अजून भाजीवाल्यालासुद्धा "यांना विचारून सांगते" म्हणते.

कलम दोन. एक कप. काल महिला दिन होता. ज्या कचेरीच्या काचा मी पुसते तिथे आत समारंभ, बाहेर मी. पडद्यावर मोठ्ठ्या अक्षरांत लिहिलेलं, "काचेचं छत फोडा!" मी बाहेरून हातवारे करत होते की बायांनो, फोडू नका, आत्ताच पुसलंय. तेवढ्यात संयोजक बाई खिडकीशी आल्या आणि खूण केली, बाजूला हो, फोटोत येतेस. झाले बाजूला, दोरावर जितकं होता येतं तितकं. खाली उतरल्यावर त्यांनीच मला कप दिला, "तू शक्ती आहेस" असं लिहिलेला. मी विचारलं, "मॅडम, इथे बायकांचं बाथरूम कुठंय?" तर म्हणाल्या, "ते स्टाफचं आहे गं, कार्ड लागतं." तो कप वहिनीला, कवळ्यांचं प्लास्टर कालवायला. कान तुटलाय. शक्ती शाबूत आहे.

कलम तीन. माझी मोठी बहीण, ताई, बँकेत अधिकारी. तिचं म्हणणं, "मी काही स्त्रीवादी वगैरे नाही हं, पण पगार माझ्या खात्यात, आडनाव माझं, आणि पोराला शाळेत यानेच सोडायचं." तिला मी तो "पण" ठेवते, तिचा अख्खा संसार त्याच्यावर उभा आहे. शिवाय माझा जुना दोर, कपडे वाळत घालायला. त्याला लटकू नये. दोर जुना झाला की वरून छान दिसतो आणि आतून केव्हाच सुटलेला असतो. हे मी दोराबद्दल लिहिते आहे.

कलम चार, आणि खरं काम इथेच आहे. आत्याची खोली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. जन्मभर टपाल कचेरीत पत्रं लावत राहिली आणि स्वतःच्या पगारातून खोली घेतली. बाबा तिला "आपल्या घराण्याची खोली" म्हणतात. घराण्याने तिथे एक खिळा ठोकलेला नाही. जाताना आत्याने ती माझ्या नावावर केली. दादाला तिथे मोबाइलच्या कव्हरांचं गोडाऊन करायचंय.

आणि माझी वहिनी, दादाची बायको, कवळ्या बनवते. लॅबमधली नोकरी बाळंतपणात सुटली, तेव्हापासून तिचं काम स्वयंपाकघराच्या खिडकीत चालतं. ताटांशेजारी निम्म्या गावातल्या म्हाताऱ्यांचे जबडे वाळत असतात. पाहुणे आले की दादा म्हणतो, "ते दात आत ठेव गं." एकदा घाईत तिने फ्रिजमध्ये ठेवले आणि बाबा पाण्याची बाटली काढायला गेले. असो, ते मृत्युपत्रात बसत नाही.

मागच्या वेळी घरी आले तेव्हा मी तिला मुक्त बाईवर भाषण दिलं. मी दोरावर चढते म्हणून ती मला खारूताई म्हणते. माझी बॅग उपसत म्हणाली, "तुझं बरंय खारूताई. तू मोकळी, आणि तुझे कपडे माझ्या मशीनमध्ये."

आज सकाळी खोलीची किल्ली तिला दिली. जबडे खोक्यात घालून आम्ही दोघींनीच नेले. तिथे उजेड सरळ टेबलावर येतो. वहिनीने एक दात उजेडाला धरला आणि तिथेच घासायला बसली. मी आहे तोवर तिला तिथून कोणी हलवत नाही. पण मी पडले, तर दादा दुसऱ्याच दिवशी कुलूप बदलेल. वाईट नाही तो, त्याला दुसरं काही सुचणारच नाही.

पहिल्या खर्ड्यात खोली एकट्या वहिनीच्या नावावर होती. बाबा कडाडले, "सुनेच्या नावावर? घर फोडतेस का? आमची दोघांची नावं घाल." घातली. तर खोली बाबा, दादा आणि वहिनी यांना सारख्या वाट्याने मिळावी.

कलम पाच. वकीलबाईंनी अट घालून दिलीय, "ज्याला काही मिळणार, त्याने साक्षीदार व्हायचं नाही. झाला तर त्याचा वाटा गेला." असा गेलेला वाटा वहिनीला मिळावा. बाबांच्या बाबतीत कलम एकमधली वस्तूही परस्पर आईकडे जावी.

साक्षीला मी शेजारच्या शिंपीणकाकू आणि वकीलबाईंची कारकून अशा दोघींना बोलावलंय. बाहेर चहा पीत बसल्यात. ही ओळ लिहिताना दादा डोक्यावर उभा आहे.

"बाहेरच्या बायका कशाला? घरात दोन पुरुष असताना?"

"दादा, आधी वाच तरी."

"वाचायचं काय त्यात? आण इकडे. हिच्या सगळ्या कागदांवर मीच तर सही करतो."

"बाबा, तुम्ही तरी वाचा. कलम पाच."

"चष्मा कुठंय गं माझा?" बाबांनी आईला विचारलं.

आईने सगळं वाचलंय, पहिल्या ओळीपासून. "दिसत नाहीये कुठे," ती म्हणाली. चष्मा तिच्या मांडीवर आहे, त्यावर तिचे दोन्ही हात.

वहिनी इथे नाही. ती कामावर गेली आहे.

सांगायचं ते मी दोनदा सांगितलं. आता राजीखुशीने सही करते आणि पेन दादाकडे देते.

ठिकाण : स्वयंपाकघर, रिकाम्या खिडकीजवळ
दिनांक : नऊ मार्च

मृत्युपत्र करणारी : (सही) धाकटी

साक्षीदार पहिला : (सही) दादा
मजकूर संपूर्ण वाचला. बरोबर आहे.

साक्षीदार दुसरा : (सही) बाबा
माझी परवानगी आहे.