वाळूच्या डब्यातले झाड

५ जानेवारी

ति. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

तुझे घर ज्यांनी घेतले त्यांनी परवा दारातले झाड तोडले. ते भावोजींनी लावलेले, असे सांगून पाहिले. पण त्यांना तिथे गाडी उभी करायची आहे. तुला हे माझ्याकडूनच कळावे म्हणून लिहितो. आदल्या दिवशी उरल्यासुरल्या शेंगा गोळा करून आणल्या. मूठभर काळे बी निघाले, खड्यासारखे कडक. रोपवाटिकावाला म्हणाला, या बियांना थंडीत झोप काढावी लागते. म्हणून ओल्या वाळूत घालून डबा फ्रिजमध्ये ठेवला आहे. सकाळी देवाला हात जोडले की फ्रिजलाही जोडतो. ही हसते. मला मात्र वाटते, आत अंधारात पिवळे घोस झोपले आहेत, दार जोरात लावू नये.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझा धाकटा

२० जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

झाडाचे वाचले आणि बरेच दिवस लिहायला हात उचलला नाही. तुझे भावोजी गेल्यापासून इथे मुलगा, सून सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. आणखी हळू बोलतील म्हणून कुणाला सांगितले नाही.

तुझी भक्ती ठीक, पण नुसत्या थंडीने ते बी उघडायचे नाही. तुझे भावोजी आधी प्रत्येक बी पॉलिश पेपरवर घासायचे. पाण्याला आत शिरायला वाट नको का? तू तर सुतार, जन्मभर लाकूड घासलेस. एवढे कर. ते झाड उगवलेले मला एकदा बघू दे.

तुझी ताई

८ एप्रिल

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पेपर हातात घेतला होता, पण बी मिटल्या डोळ्यासारखे दिसले. घासवेना. तसेच परत ठेवले.

फेब्रुवारीच्या शेवटी सासूबाई आल्या. दूध लागून पातेले करपले. फ्रिजमध्ये वाळू बघून त्यांना आनंदच झाला. हल्लीचे लोक काय वाटेल ते फ्रिजमध्ये ठेवतात, असे त्यांना वाटले. सगळी वाळू घेऊन त्यांनी जीव खाऊन पातेले घासले आणि वाळूसकट खरकटे पाणी मागच्या पायरीशी ओतले. मी संध्याकाळी आलो तेव्हा पातेले लखलखत होते. जेवण गेले नाही. तुला लिहायचेही धाडस झाले नाही.

आज पायरीच्या फटीत तीन कोंब दिसले. पाने थेट तुझ्या दारातल्यासारखी. रोपवाटिकावाल्याला बोलावून दाखवले. तो म्हणाला, घासल्यामुळेच फुटले. सासूबाईंचे म्हणणे, पातेलेही निघाले.

तुझा धाकटा

१५ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी येते. मुलगा हळूच म्हणाला, प्रवास झेपणार नाही. मी मोठ्याने सांगितले की झेपेल. सून दचकली, मग हसली.

कोंबांना हात लावू नकोस, कुंडीत मी लावीन. तू हवे तर हात जोडून उभा राहा. आणि तुझ्या सासूबाईंना तोवर जाऊ देऊ नकोस. अशा जीव खाऊन घासणाऱ्या बाईजवळ मला चार दिवस राहायचे आहे.

बाकी भेटीत.
तुझी ताई