सांबराची शिंगं

बाबा,

मंडईतून आणलेले मटार आपण स्वयंपाकघरात जमिनीवर बसून सोलत होतो. शाळेत सिस्टरांनी जीवशास्त्रातला एक धडा "घरी वाचा" म्हणून सोडून दिला होता, आणि तुम्ही, गुरांचे डॉक्टर, तो मला सांगायला बसलात. टेस्टोस्टेरॉन नराच्या अंगात तयार होतं, मादीच्याही, थोडं. पण सगळ्या प्राण्यांत सारखं नाही. हत्ती मदावर येतो तेव्हा ते कित्येक पटींनी वाढतं, मद ओसरला की उतरतं. मेंढ्याचं ऋतूप्रमाणे चढतं-उतरतं. सांबराचं उतरलं की शिंगं गळून पडतात. माणसाचं मात्र बारमाही, वयाबरोबर हळूहळू कमी होणारं. आई कढईपाशी उभी आहे. "अहो, पोरीला हे सांगायचं असतं का?" "मग काय सांगू, मटारचा भाव?" तुम्ही म्हणता.

आज हे आठवायचं कारण तुमचे जावई. यांना प्रोस्टेटचा कर्करोग निघाला आहे. गाठ टेस्टोस्टेरॉनवर पोसते, ते बंद करणारं इंजेक्शन घ्या, असं डॉक्टर म्हणाले. "म्हणजे बैल करणार मला," एवढं बोलून हे उठून बाहेर आले. तेव्हापासून घरात तो विषय नाही. इंजेक्शन घेतलं नाही तर काय होईल, हे दोघांनाही माहीत आहे.

काल चहा देताना मी तुमचं सांबर काढलं. म्हटलं, शिंगं गळाली तरी ते चरतं, वाघाची चाहूल लागली की पळतं, सांबरच राहतं. "वा! सासऱ्यांनी जावयासाठी बरा हुद्दा राखून ठेवला होता," हे म्हणाले. मग चहा बशीत ओतला.

"त्या इंजेक्शनाने अंग तापतं म्हणे. घाम सुटतो."

"पन्नाशीला मलाही सुटायचा. तुम्ही खिडक्या लावून घ्यायचात."

"बोलली का नाहीस?"

"तुम्हाला थंडी वाजायची."

"सोमवारची वेळ घे," म्हणत हे उठले. उठताना आधाराला माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काढला नाही. हे घाबरलेत याचं वाईट वाटायला हवं होतं. बाबा, मला बरं वाटलं. हे तुमच्याखेरीज कुणाला सांगता येणार नाही, आणि तुम्हाला पाठवायची सोय नाही.

लेकीला सांगून ठेवलं आहे: पलंगाची खिडकीकडची बाजू आता तुझ्या बाबांना. टेबलफॅनही त्यांनाच. सगळ्या सुती चादरी त्यांच्या उशाशी ठेव. खिडकी रात्रभर उघडी राहील, म्हणून दोन्ही दुलया मला.